रोवणीच्या दिवसांत गळालेला संविधानाचा धडा



जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात लाखांदूर, पवनी, साकोली, मोहाडी, भंडारा जिल्ह्यातल्या कुठल्याही धानपट्ट्याच्या गावात जा आणि जिल्हा परिषद शाळेच्या सातवीच्या वर्गात डोकावून पाहा. हजेरीपटावर नावं आहेत, बाकावर मुलं नाहीत. कोणी पऱ्हे उपटायला गेलंय, कोणी बांधीत पेंड्या टाकायला. कोणी शेतात गेलेलंच नाही. आई ठेक्याच्या रोवणीवर गेली म्हणून ते घरी लहान भावाला सांभाळत बसलंय. ही शेवटची बहुतेक वेळा मुलगी असते.

पुढे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि चुरणी. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी असेल तिथे उन्हाळी धानाची रोवणी. ज्यांच्याकडे तेही नाही ती कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात नाहीतर वीटभट्टीवर. पवनीकडची बाई मिरचीच्या सातऱ्यावर मुकणे तोडायला गेली तर पोरगीही सोबत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग तेंदूपत्ता. शाळेचं वेळापत्रक एक आणि पोटाचं वेळापत्रक दुसरं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. माझ्या वाचकांपैकी निम्मे याच वेळापत्रकातून बाहेर पडून इथवर आले आहेत.

मला बोलायचं आहे ते वेगळ्याच गोष्टीवर. मूल किती दिवस गैरहजर होतं हे सरकार मोजतं, संस्था मोजतात, कधीमधी आपणही मोजतो. त्या दिवशी वर्गात कोणता धडा झाला, हे कोणीच विचारत नाही. गैरहजेरीचं नुकसान सगळ्या विषयांत सारखं होतं असं आपण धरून चाललो आहोत, आणि ते साफ चूक आहे.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस शाळा भरली पाहिजे. समजा एखादी मुलगी त्यातले पंचेचाळीस दिवस आली नाही. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. ती परत येते तेव्हा काय होतं? गुरुजी बघतात की तिला भागाकार येत नाही, वाचताना अडखळते. मग तिच्यासाठी उपचारात्मक वर्ग. निपुण भारत अभियान आहे ते वाचन आणि गणन यांसाठी. 'असर'चे सर्वेक्षक गावात येतात तेव्हा मुलाच्या हातात परिच्छेद देतात आणि वजाबाकी-भागाकाराची गणितं घालतात. चांगलंच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. ज्याला वाचताच येत नाही त्याला संविधान काय कळणार? पण या सगळ्या दुरुस्तीच्या यंत्रणेत इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल, चित्रकला आणि गाणं यांना जागाच नाही. गणिताची भोकं बुजवायला कोणीतरी सुईदोरा घेऊन बसलेलं असतं. समाजशास्त्राचं भोक तसंच राहतं. वर्ष संपतं, मूल वरच्या वर्गात जातं, आणि त्या मुलाला आपलं काय राहिलं हे आयुष्यात कळत नाही.

आता सातवीचं 'इतिहास व नागरिकशास्त्र'चं पुस्तक उघडा. पुढे मध्ययुगीन इतिहास, मागे नागरिकशास्त्र. त्या मागच्या पानांत काय आहे? आपल्या संविधानाची ओळख. उद्देशिका. संविधानाची वैशिष्ट्ये. मूलभूत हक्क, भाग एक आणि भाग दोन. मार्गदर्शक तत्त्वे. म्हणजे बाबासाहेबांनी ज्याच्यासाठी रक्त आटवलं ते सगळं एका बारक्या पुस्तकाच्या मागच्या भागात, बारा वर्षांच्या मुलाला कळेल अशा भाषेत दिलेलं आहे. आणि आपल्या जिल्ह्यात तो धडा चुकतो कोणाचा? डॉक्टरांच्या, तहसीलदारांच्या, भंडारा शहरातल्या इंग्रजी शाळांतल्या मुलांचा नाही. धडा चुकतो तो रोवणीवर गेलेल्याचा. बौद्ध, गोंड, ढिवर, गोवारी, आणि कुणबी-तेल्यांमधल्याही भूमिहीनांच्या पोरांचा. अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम आणि वेठबिगारीला बंदी करणारं तेविसावं कलम ज्यांच्यासाठी लिहिलं गेलं, तीच मुलं त्या तासाला बांधीत उभी असतात.

याला योगायोग म्हणायचं असेल तर म्हणा.

मागच्या वर्षी आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी मुलं गोळा केली होती. सातवी पास होऊन आठवीत गेलेली एक मुलगी, चुणचुणीत. बुद्धवंदना तोंडपाठ. बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात म्हणून दाखवल्या, एम.ए., पीएच.डी., डी.एस्सी., सगळ्या. मी विचारलं, मूलभूत हक्क म्हणजे काय? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, घरकुल नाई का?"

पोरं हसली. मला हसू आलं नाही. तिचं उत्तर वेडेपणाचं नव्हतं. तिच्या घरी 'हक्क' हा शब्द फक्त ग्रामपंचायतीच्या संदर्भात येतो. घरकुलाच्या यादीत आपला हक्क आहे, रेशनवर आपला हक्क आहे. म्हणजे हक्क ही सरपंचाने, तलाठ्याने, साहेबाने द्यायची वस्तू. दिली तर मिळाली, नाही तर पुढच्या वर्षी. मूलभूत हक्क कोणी देत नसतं, ते हिरावले गेले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येतं आणि तो जाण्याचा हक्कसुद्धा मूलभूतच आहे, हे ज्या तासाला शिकवलं गेलं त्या तासाला ती कुठे होती मी विचारलं. "रोवणी चालू होती ना."

आता काही शहाणे म्हणतील, इतिहास-नागरिकशास्त्र काय, वाचनाचे विषय आहेत, घरी बसून वाचता येतात, गणितासारखं पायरीवर पायरी थोडंच आहे? हा युक्तिवाद आपल्याच शिकलेल्या माणसांकडून मी जास्त ऐकला आहे, म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे.

कोणत्या घरी बसून? ज्या घरी तीन पिढ्यांचे पदवीधर आहेत तिथे जेवताना संसद, निवडणूक, कोर्ट, १९४२, आणीबाणी हे शब्द सहज कानावर पडतात. तिथलं मूल महिनाभर शाळेत गेलं नाही तरी नागरिकशास्त्र त्याच्या ताटात वाढलेलं असतं. आपल्या घरात तसं नसतं. तिथे पुस्तकातली मराठीसुद्धा परकी असते, घरात झाडीबोली, नाहीतर गोंडी. 'सार्वभौम', 'धर्मनिरपेक्ष', 'गणराज्य' हे शब्द एकट्याने वाचून कळणारे नाहीत. कोणीतरी फोडून सांगावे लागतात, उदाहरण द्यावं लागतं, मुलाने उलट प्रश्न विचारावा लागतो. समाजशास्त्र बोलण्यातून शिकलं जातं. वर्गात बामणाचं, कुणब्याचं, बौद्धाचं, गोंडाचं पोर एकत्र बसून 'समता' हा शब्द मोठ्याने वाचतं, तेव्हा त्या शब्दाचा जो अर्थ होतो तो घरी एकट्याने वाचून होत नाही. पायरीचं म्हणाल तर ज्याने हक्कांचा पहिला भाग ऐकला नाही त्याला दुसरा कसा कळेल? सातवीचं संविधान कळलं नाही तर आठवीतली संसद कशी कळेल? गणिताच्या पायऱ्या डोळ्यांना दिसतात, म्हणून आपण घाबरतो. इथल्या दिसत नाहीत एवढाच फरक.

ज्यांना फक्त पैशाची भाषा कळते त्यांच्यासाठी पैशातही सांगतो. आठवीला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, एनएमएमएस. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी. पास होऊन निवड झाली तर बारावीपर्यंत महिन्याला १,००० रुपये, वर्षाला १२,०००. शेतमजुराच्या घरात ही रक्कम लहान नाही. मुलगी शाळेत टिकते की नवऱ्याच्या घरी जाते हे ठरवणारी आहे. या परीक्षेच्या शालेय क्षमता चाचणीत ९० प्रश्न असतात. गणिताचे २०. विज्ञानाचे ३५. आणि समाजशास्त्राचे किती? ३५. इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल. परीक्षा साधारण डिसेंबरात, म्हणजे कापणी-चुरणी उरकता उरकता. वर्षभर गणिताचे जादा तास घेणारे आपण, आणि जो विषय आपल्या पोराला शिष्यवृत्ती मिळवून देऊ शकतो त्याला 'घरी वाचून घे' म्हणतो.

मोजायच्या पद्धतीकडे पाहा. सरकार दर थोड्या वर्षांनी शाळाबाह्य मुलं शोधायला निघतं. ४ जुलै २०१५ ला राज्यभर एका दिवसात सर्वेक्षण झालं होतं. २०२२ च्या जुलैत 'मिशन झिरो ड्रॉपआऊट' झालं. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, बालरक्षक आहेत. कागदावर काही कमी नाही. पण ज्या मुलाचं नाव पटावर आहे, जे आठवड्यातून दोन दिवस येतं आणि तीन दिवस येत नाही, रोवणीत पंधरा दिवस जातं आणि परत येतं, ते कुठल्याच यादीत शाळाबाह्य ठरत नाही. पोषण आहाराच्या नोंदीत ते कधी असतं, कधी नसतं. बाकी सगळीकडे ते 'शाळेत' आहे.

यामागे एक हिशोब आहे आणि कार्यकर्त्याला तो माहीत असलाच पाहिजे. शिक्षकांची पदं संचमान्यतेने ठरतात आणि संचमान्यता ठरते पटावरून. म्हणजे पद टिकवायला मुलाचं नाव लागतं, मूल लागत नाही. मी शिक्षकांना शिव्या घालत नाही. जनगणना, मतदार याद्या, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती यांत त्यांचा किती वेळ जातो ते मी पाहतो. पण व्यवस्था अशी बांधली आहे की रिकाम्या बाकाची कोणालाच घाई नाही.

पट घसरला की मात्र सगळ्यांना घाई होते. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी लिहिलं आहे की विज्ञान-गणिताला एक, भाषेला एक आणि सामाजिक शास्त्रांना एक असे किमान शिक्षक हवेत. वाचायला छान. पण लहान गावात या तीन वर्गांचा पटच पंधरा-अठरा. २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याची कल्पना काढली. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाने सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांतल्या शिक्षकपदांवरच गदा आणली, त्यावरून शिक्षक संघटना रस्त्यावर आल्या. उरलेला शिक्षक कोणता विषय आधी शिकवेल? गणित. इतिहासाच्या तासाला पुस्तक वाचा, प्रश्नोत्तरं लिहा.

आणि कलेचं तर विचारूच नका. त्याच परिशिष्टात म्हटलंय की कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक मिळतील, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. आपल्या जिल्ह्यातल्या किती गावशाळांचा या तीन वर्गांचा पट शंभराच्या वर आहे ते तुम्हीच बोटांवर मोजा. म्हणजे कायद्यानेच सांगून टाकलं की लहान गावातल्या मुलाला चित्रकलेचा शिक्षक लागत नाही. मग एलिमेंटरी-इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना कोण बसणार? इंटरमीजिएट पास झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात. ज्या शाळेत कलाशिक्षक आहे तिथल्या मुलाला हे गुण मिळतात. ज्याला निसर्गाने हात दिला पण शाळेने कागदसुद्धा दिला नाही, त्याला नाही.

गंमत म्हणजे आपला प्रदेश कलेने भरलेला आहे. दिवाळी झाली की मंडई, दंडार, खडी गंमत. झाडीपट्टीची नाटकं थेट होळीपर्यंत. तीच पोरं रात्रभर मंडपात बसून नाटक पाहतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत येत नाहीत. गुरुजी म्हणतात, पोरं वाया गेली. अरे, ज्या पोराला तीन तासांचं नाटक गाण्यांसकट आठवतं त्याची स्मरणशक्ती कमी आहे का? पण शाळेच्या दप्तरात ती रात्र फक्त 'गै.ह.' म्हणून नोंदली जाते. त्या नाटकात बायकांना काय बोललं गेलं, खलनायक कोणत्या जातीचा दाखवला, विनोद कोणावर केला, यावर दुसऱ्या दिवशी वर्गात अर्धा तास चर्चा झाली असती तर तोच कलेचा तास झाला असता आणि तोच समाजशास्त्राचा. सत्यशोधक जलशांनी, नंतर आंबेडकरी जलशांनी हेच केलं होतं. लोकांना आवडणारा तमाशाचा बाज घेतला आणि त्यातून जात समजावून सांगितली. आपल्या आजोबांची पिढी शाळेत गेली नव्हती, पण जलशात बसली होती. आजच्या पोराला शाळेतला तासही मिळत नाही आणि जलसाही नाही. त्याला मिळतो डीजे.

हो, डीजेवर मी बोलणार. राग आला तरी चालेल.

पुढची गोष्ट. हेच मूल दहावीला कसंबसं पास होतं आणि अकरावीला 'कला' शाखेत जातं. आपल्याकडे 'आर्ट्‌स' म्हणजे काय? ज्याला सायन्स मिळालं नाही, कॉमर्स झेपलं नाही, त्याने जायची जागा. सकाळी कॉलेजात नाव, दिवसभर दुकानात नाहीतर बुटीबोरीत काम, परीक्षेच्या आधी गाइड. इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे तीन विषय घेऊन पोरगं बी.ए. होतं आणि त्याला संविधान सभा आणि लोकसभा यांतला फरक सांगता येत नाही. मग तेच पोरगं पुण्याला नाहीतर नागपूरला एमपीएससीच्या क्लासमध्ये बसतं आणि तिथे पहिल्या दिवशी त्याला काय शिकवतात? इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था. सातवीत फुकट मिळणारा धडा तो पंचविसाव्या वर्षी बापाची जमीन गहाण टाकून विकत घेतो.

आपल्या चळवळीत एक हवा आहे की पोराला डॉक्टर करा, इंजिनिअर करा, आर्ट्‌समध्ये काही नाही. डॉक्टर व्हा, जरूर व्हा. पण बाबासाहेब कोलंबियात काय शिकले? मुख्य विषय अर्थशास्त्र, सोबत समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानवशास्त्र. मे १९१६ मध्ये तिथल्या मानवशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जात देवाने केली नाही, जात जातीतच लग्न लावून टिकवली गेली, हे त्यांनी समाजशास्त्राच्या हत्याराने सिद्ध केलं. पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढल्यावर १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं ते कला आणि विज्ञान दोन्हींचं. ज्या हत्याराने आपण लढलो ते हत्यार आपणच 'ढ' पोरांचा विषय म्हणून कोपऱ्यात टाकलं.

आपल्या जिल्ह्यापुरतं बोलू. भंडाऱ्याच्या मुलाला माहीत आहे का, की १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढले होते आणि हरले होते? का हरले, दोन जागांच्या मतदारसंघात मतं कशी पडली, काँग्रेसचे भाऊराव बोरकर कसे निवडून आले, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता कसे आले? हा एक धडा राज्यशास्त्राचं अर्धं पुस्तक शिकवून जाईल. पवनीच्या मुलाला माहीत आहे का, की त्याच्या गावच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि प्राचीन बौद्ध स्तूप निघाला? पायाखाली दोन हजार वर्षांचा इतिहास आणि पोरगं म्हणतं, आमच्या गावात पाहण्यासारखं काही नाही.

आणि खैरलांजी. मोहाडी तालुका, २९ सप्टेंबर २००६. सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन भोतमांगे. आज सातवीत असलेलं मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी सुनावली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा सिद्ध मानला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची जन्मठेप केली, अ‍ॅट्रॉसिटी तिथेही लागली नाही. एका बौद्ध कुटुंबाची गावाने हत्या केली आणि त्यात जात नव्हती, असं आपल्याला सांगितलं गेलं. हे खोडून काढायचं तर काय लागतं? घोषणा लागतात, मोर्चा लागतो, ते आपण केलं. पण जमिनीचा वाद, स्वाभिमानाने राहणारी बाई, शिकणारी मुलगी आणि जात हे एकाच दोरीचे पदर कसे असतात हे कागदावर मांडायला समाजशास्त्र लागतं. एफआयआर वाचायला, त्यात कोणतं कलम टाकलं नाही हे तिथल्या तिथे ओळखायला नागरिकशास्त्र लागतं. ते पोलीस ठाण्याच्या दारात उभं राहून शिकता येत नाही. ते बाराव्या वर्षी वर्गात शिकायचं असतं, आणि त्या दिवशी आपली मुलगी हजर असायला लागते.

दोष आईबापांना देऊ नका. जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात हे कधीच सांगून ठेवलं आहे. गरीब शेतकऱ्याला मूल गुरं राखायला आणि शेत सांभाळायला लागतं म्हणून ते शाळेत येत नाही, तेव्हा शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या. आणि त्याच निवेदनात प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी आहे. वाचन, लेखन, हिशेब यांच्यासोबत इतिहास, भूगोल, शेतीचं ज्ञान, नीती आणि आरोग्य. कुणब्या-मांगाच्या पोराला अंकलिपी आली की पुरे असं फुले म्हणाले नाहीत. आजचं सरकार तेवढ्यावर समाधान मानतंय.

आणि बाबासाहेब. १२ मार्च १९२७ ला मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी आकडा मांडला की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. तारीख पाहा. त्यानंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडचं चवदार तळं. पाण्याच्या लढ्याच्या तोंडावर हा माणूस हजेरीपट वाचत होता. आपण २० मार्चला स्टेटस ठेवतो. १२ मार्च आपल्यापैकी किती जणांना आठवतो?

मग करायचं काय? मोठमोठ्या मागण्या आहेतच. रोवणीच्या गावांत पाळणाघर पाहिजे, म्हणजे मुलगी घरी अडकणार नाही. शंभराच्या पटाची अट काढून केंद्रशाळेला एक कलाशिक्षक द्या, तो चार गावं फिरेल. विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या शाळांच्या सुट्ट्या धानाप्रमाणे लावा. निवेदनं द्या, जिल्हा परिषदेसमोर बसा, मी येतो. पण या सगळ्याला वेळ लागेल आणि रोवणी दरवर्षी वेळेवर येते.

आपल्या हातातली एक गोष्ट आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. बौद्ध वस्ती असलेल्या गावोगावच्या विहारांत रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चं वाचन चालतं. बाया रोवणीवरून येऊन, पाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून येतात. सोबत पोरं येतात आणि मागे खेळत बसतात. हे तेच दिवस आहेत ज्यांत त्यांचा शाळेतला तास बुडतो. त्या पोरांना पुढे बसवा. ग्रंथवाचनानंतर अर्धा तास सातवीचं नागरिकशास्त्र वाचा. पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येतं. कलम सतरा वाचलं तर त्या रात्री एखाद्या आजीला विहिरीची गोष्ट सांगायला लावा. एका दिवशी वाचनाऐवजी चित्र काढायला सांगा, आपल्या गावाचा नकाशा, कोणाची वस्ती कुठे, पाण्याची टाकी कुठे, मामा तलाव कोणाच्या बाजूला, स्मशान किती. मुलं जे काढतील ते पाहून तुम्हीच गप्प बसाल. गोंड, ढिवर, कुणब्याच्या मजुरांची पोरं येत असतील तर त्यांनाही बोलवा. बोलावल्याशिवाय ती विहारात यायची नाहीत.

दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात पाऊणहून कमी पालक चालत नाहीत आणि निम्म्या बायका लागतात. तुमच्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतलं कोण आहे ते आज विचारा. नुसतं सहीपुरतं नाव असेल तर त्या ताईंसोबत पुढच्या बैठकीला जा आणि एकच गोष्ट मागा. जुलै-ऑगस्टचा हजेरीपट आणि त्याच्या शेजारी त्या दिवसांत कोणत्या विषयाचे कोणते धडे झाले याची नोंद. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि नावं लिहून काढा. कोणाचा कोणता धडा राहिला. आमच्या विहारात आम्ही मागच्या वर्षी तशी वही केली. अठरा मुलं, त्यांतल्या अकरांच्या नावापुढे मूलभूत हक्कांचा पहिला भाग राहिलेला. घरकुल म्हणणारी ती मुलगी त्यात चौथ्या क्रमांकावर होती. यंदा तीच वही तिच्याकडे दिली आहे, आषाढ पौर्णिमेपासून नावं तीच लिहिणार आहे.